प्रायर आर्ट सर्च सर्व्हिसचा रिव्ह्यू: कागद ढीगभर, जोडणी मात्र आवळ्याची मोट

आधीच सांगून टाकते, पाचपैकी तीन स्टार. प्रायर आर्ट म्हणजे एखाद्या पेटंटच्या तारखेआधीचे, तेच किंवा तसंच काही सांगणारे जुने कागद, आणि ते शोधून देणारी ही सर्व्हिस. त्यातला एक स्टार त्यांच्या ॲनालिस्टचा आहे, वेबसाइटचा नाही, तो कसा ते खाली येईलच. सर्व्हिसचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पैसे परत मिळण्याचं बोलणं अजून चालू आहे. पण आम्ही घ्यायच्या आधी अशा चार-पाच सर्व्हिसेसचे डेमो बघितले आणि साचा सगळ्यांचा एकच आहे, त्यामुळे नाव नसलं तरी रिव्ह्यू कामाला येईल.

काम काय होतं ते आधी. मी हातात धरायचे कोड रीडर बनवणाऱ्या टीममध्ये आहे, म्हणजे बारकोड आणि ते ठिपक्याठिपक्यांचे चौकोनी कोड वाचणारं यंत्र. माल अमेरिकेत विकला जातो आणि तिथल्या एका पेटंटवाल्याचं पत्र आलं की तुमचा रीडर आमच्या क्लेममध्ये, म्हणजे शोधावरच्या हक्काची हद्द सांगणाऱ्या वाक्यात, बसतो. क्लेम साध्या भाषेत असा आहे: एक इमेज सेन्सर, दोन प्रकारचे लाइट, एक समोरून सरळ पडणारा आणि एक बाजूने तिरका, आणि एक कंट्रोलर जो आधी एक फ्रेम घेतो, त्यात किती पिक्सेल पांढरेफटक झालेत ते मोजतो आणि ते ठरावीक आकड्याच्या वर गेले की सरळ लाइट बंद करून तिरका लावतो. धातूवर कोरलेला कोड वाचायचा तर असं काहीतरी लागतंच. चकचकीत स्टीलच्या तुकड्यावर टॉर्च मारून बघा, मधोमध पांढरा डाग दिसतो आणि कोड गायब.

पत्र वाचल्यावर टीममध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, अरे यात नवीन काय आहे, हे कोणीही केलं असतं. आता "कोणीही केलं असतं" हे चहा पिताना बोलायला ठीक आहे, पण अमेरिकन पेटंट कायद्याच्या कलम १०३ खाली ते, म्हणजे शोध "ऑब्व्हियस" होता हे, दाखवावं लागतं, तेही त्या पेटंटच्या तारखेच्या आधीचे कागद समोर ठेवून. वकील म्हणाले आधी प्रायर आर्ट आणा मग बोलू. म्हणून ही सर्व्हिस.

तीन प्लॅन आहेत. खालच्यात नुसता सर्च, मधल्यात सर्च आणि क्लेम चार्ट, म्हणजे क्लेमचा कुठला तुकडा कुठल्या जुन्या कागदात आहे त्याचा तक्ता, वरच्यात या दोन्हीसोबत "ऑब्व्हियसनेस ओपिनियन" नावाचा भाग येतो ज्यात सॉफ्टवेअर स्वतःच सांगतं की कुठले दोन-तीन जुने शोध एकत्र केले की तुमच्यासमोरचं पेटंट पडतं, आणि प्रत्येक जोडीला टक्केवारी देतं. आम्ही वरचा घेतला. तिथेच चुकलो.

पैसे भरायच्या आधी ट्रायल मिळते, तीन सर्च फुकट. ट्रायल सगळ्यांनी घ्या आणि घेताना असं पेटंट टाका ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहितीये. मी टाकलं वुडलँड आणि सिल्व्हरचं, अमेरिकन पेटंट २,६१२,९९४, म्हणजे बारकोडचं मूळ. २० ऑक्टोबर १९४९ ला फाइल झालेलं, ७ ऑक्टोबर १९५२ ला मिळालेलं, आणि गंमत म्हणजे नाव "क्लासिफाइंग ॲपरेटस अँड मेथड", बारकोड हा शब्द शोधून सापडत नाही. त्यात गडद पट्टीवर चार पांढऱ्या रेघा आहेत, पहिली रेघ मोजायला सुरुवात कुठून करायची ते सांगणारी आणि बाकीच्या तीन असतील किंवा नसतील, त्यावरून सात प्रकार ओळखता येतात, आणि अशा असतील-किंवा-नसतील रेघा दहा केल्या तर १,०२३. त्याच रेघा गोल फिरवून वर्तुळं केली की डार्टबोर्डासारखी आकृती तयार होते, ती कुठल्याही बाजूने वाचली तरी चालते.

आता परीक्षा अशी की १९३४ सालचं एक कार्ड सॉर्टरचं पेटंट आहे, वेस्टिंगहाउसमधल्या जॉन करमोड आणि त्याच्या साथीदारांचं. त्यातही कागदावर समांतर पट्ट्या छापायच्या आणि फोटोसेलने वाचून कागद वेगवेगळ्या कप्प्यांत टाकायचे. म्हणजे पट्ट्या आहेत, प्रकाशाने वाचणं आहे, वर्गवारी पण आहे, आणि सगळं वुडलँडच्या १८ वर्षं आधी. सर्च चांगला असेल तर हे पहिल्या पाचात यायला पाहिजे. आलं का? नाही. पहिल्या पानावर इमॅन्युएल गोल्डबर्गचं १९३१ चं "स्टॅटिस्टिकल मशीन" आलं, मायक्रोफिल्मवरचे ठिपके फोटोसेलने जुळवून हवी ती फिल्म शोधणारं, ते आलं याचं कौतुकच आहे. पण करमोडचं कार्ड सॉर्टर मी "सॉर्टिंग", "पेरफोरेटेड", "लाइट सेन्सिटिव्ह" असे जुन्या काळचे शब्द घालेपर्यंत बाहेर यायला तयार नाही.

कारण साधं आहे आणि सगळ्याच सर्चला लागू पडतं, एकट्या या सर्व्हिसला बोल लावण्यात अर्थ नाही. १९७६ च्या आधीच्या अमेरिकन पेटंटांचा मजकूर टाइप केलेला नसतो, जुनी छापील पानं स्कॅन करून मशीनने वाचून काढलेला असतो. त्यात "फोटो-इलेक्ट्रिक" मध्ये रेघ आहे, ओळीच्या शेवटी शब्द तुटलाय, "सेल"च्या शेवटचा एल मशीनला एक वाटलाय. म्हणजे बघा, मशीनने वाचण्याच्या शोधांचा इतिहास शोधतोय आपण, आणि तो सापडत नाही कारण मशीनने नीट वाचलं नाही. मी ऑफिसात एकटीच हसत होते.

त्यात भर म्हणजे भाषा. गुस्ताव टाउशेकने १९२९ मध्ये जर्मनीत अक्षरं वाचणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, अमेरिकेत ते १९३५ ला मिळालं, नाव "रीडिंग मशीन". डेव्हिड शेपर्डचं १९५३ चं, नाव "ॲपरेटस फॉर रीडिंग". फूर्निए दाल्बचं ऑप्टोफोन तर पहिल्या महायुद्धाच्या आसपासचं, अंध माणसाला छापील अक्षरं सुरांमधून ऐकवणारं. यातल्या कुणालाच "स्कॅनर" म्हणायचं सुचलेलं नाही, त्यामुळे आजच्या शब्दांनी शोधलं की आजचेच कागद सापडतात. यावर उपाय म्हणजे शब्द सोडून वर्गीकरणाच्या कोडने शोधणं. प्रकाशाने कोड वाचणाऱ्या यंत्रांसाठी जी०६के ७/१० आणि त्याच्या आसपासची जी०६के ७/१४ आहे. अक्षर ओळखणारे पूर्वी जी०६के ९ मध्ये असायचे, ते २०२२ पासून जी०६व्ही मध्ये गेलेत. हे सर्व्हिसमध्ये करता येतं पण ती सोय ॲडव्हान्स्डच्या आत, तिसऱ्या टॅबमध्ये दडवलीये. का दडवलीये देव जाणे, तीच तर खरी कामाची गोष्ट.

तरी ट्रायलवर मी खूश होते, कारण थोडी मेहनत केली की मिळत होतं. म्हणून आमचं खरं पेटंट टाकून पैसे भरले.

रिपोर्ट आला नऊ दिवसांनी, कबूल केले होते सात. एकूण ४१ रेफरन्स, रंगीत क्लेम चार्ट, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात "९४ टक्के ऑब्व्हियस". आमच्या मॅनेजरसाहेबांनी तेवढंच बघितलं आणि सगळ्यांना मेल टाकला की काळजीचं कारण नाही. मग मी आत वाचायला घेतलं.

पहिल्या नंबरचा रेफरन्स, ज्याच्या जोरावर ते ९४ टक्के उभे होते, तो दुसऱ्या देशातला अर्ज. अमेरिकेत कधी फाइल झालेलाच नाही, आणि प्रसिद्ध झालाय आमच्यासमोरच्या पेटंटच्या तारखेनंतर आठ महिन्यांनी. हे पेटंट मार्च २०१३ नंतरचं असल्याने तारीख बघायची ती त्याची इफेक्टिव्ह फायलिंग डेट, म्हणजे ज्या दिवसापासून अर्ज धरला जातो तो दिवस, आणि त्या दिवशी हा कागद जगासमोर नव्हताच. म्हणजे तो प्रायर आर्टच नाही, मग कितीही जुळू दे. चौथ्या नंबरचा बघते तर तो त्याच पेटंटच्या कुटुंबातला, त्याच लोकांचा, तीच मूळ तारीख (प्रायॉरिटी) धरलेला पुढचा अर्ज. जुळणारच ना बाबा, एकाच आईची लेकरं आहेत ती! सॉफ्टवेअरने मजकूर जुळवला, कॅलेंडर बघायचं राहिलं.

मग ते एकत्रीकरण. ऑब्व्हियसनेसचा सगळा जीव तिथे आहे म्हणून जरा थांबून लिहिते.

अमेरिकेत हे ठरवायची चौकट १९६६ च्या ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर या निकालातून आलेली आहे, नांगराच्या दांड्याची केस होती ती. आधी बघायचं जुन्या शोधांमध्ये काय काय आहे, मग समोरच्या क्लेममध्ये आणि त्यात फरक किती, मग त्या धंद्यातल्या साधारण माणसाची समज किती, आणि या सगळ्यासोबत बाहेरच्या गोष्टी, म्हणजे माल खूप खपला का, गरज बरीच वर्षं होती आणि तरी कोणाला जमत नव्हतं का, बाकीच्यांनी प्रयत्न करून सोडून दिला होता का. नंतर बरीच वर्षं कोर्टं म्हणत होती की दोन कागद जोडायचे तर जोडा असं सुचवणारं काहीतरी दाखवा. २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या केसमध्ये, ती गाडीच्या पेडलला सेन्सर लावण्याची, सुप्रीम कोर्टाने ते ढिलं केलं. त्यांचं म्हणणं असं की साधारण कारागीर हा काही यंत्रमानव नसतो, त्यालाही डोकं असतं, चार ठिकाणचे तुकडे तो जुळवू शकतो. पण ढिलं केलं म्हणजे सोडून दिलं असं नव्हे. का जुळवले असते याचं कारण अजूनही द्यावंच लागतं.

आणि या रिपोर्टमध्ये नेमकं तेच कारण नाही. त्यांची दोन नंबरची जोडी बघा: मायक्रोस्कोपमधला डार्क फील्ड लाइट, अधिक मोबाइल कॅमेऱ्याचा ऑटो फ्लॅश, अधिक एक बारकोड पेन, अधिक प्रिंटिंग प्रेसमधला रंग तपासणारा सेन्सर, अधिक एका प्रोसेसरचं मॅन्युअल. पाच! क्लेमचा एकेक तुकडा एकेकात सापडला म्हणून पाचही एका दोरीत बांधले. याला आमच्याकडे आवळ्याची मोट म्हणतात, उचलली की सुटली. आणि "मोटिव्हेशन टू कम्बाइन" या रकान्यात सगळीकडे एकच वाक्य पेस्ट केलंय, की कार्यक्षमता वाढवण्यासाठी साधारण माणसाने हे एकत्र केलं असतं. कार्यक्षमता कोणाला नको असते? हे वाक्य कुठल्याही पेटंटखाली चिकटवता येतं, म्हणजे ते कुठल्याच पेटंटबद्दल काही सांगत नाही.

उत्तर हातात घेऊन गणित सोडवणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर परत वुडलँडकडे जा. त्याने स्वतः सांगितलंय की मोर्स कोडचे ठिपके आणि रेघा समुद्रकाठच्या वाळूत बोटांनी खाली ओढल्या तर रेघा तयार झाल्या, आणि वाचायची युक्ती घेतली सिनेमाच्या फिल्मवर कडेला जो आवाजाचा पट्टा असतो त्यातून, दिवा एका बाजूला आणि प्रकाश मोजणारी नळी दुसऱ्या बाजूला. मोर्स जुना, सिनेमाचा आवाज जुना. आज बसून कोणीही म्हणेल झालं की, दोन अधिक दोन चार. पण मोर्स आणि बोलपट दोन्ही सगळ्यांना माहिती होते, वाण्याच्या काउंटरवरची रांग पण सगळ्यांना दिसत होती, आणि एका दुकानांच्या साखळीच्या प्रमुखाने कॉलेजच्या डीनकडे येऊन यावर काहीतरी करा म्हणून विचारलं होतं, ते सिल्व्हरच्या कानावर पडलं आणि त्यातून हे सुरू झालं. गरज अशी उघड्यावर पडलेली आणि तरी ही जोडणी दुसऱ्या कोणी करून दाखवलेली नाही, तर ते इतकं सोपं नसावं. दुसऱ्या बाजूने वकील करमोडचं कार्ड सॉर्टर काढेल आणि म्हणेल वाळूतल्या रेघा सोडा, छापलेल्या रेघा १९३४ मध्येच होत्या, आणि मग भांडण उरेल ते फक्त त्या वर्तुळांचं, दिशा कुठलीही चालण्याचं. माझ्या मते खरं भांडण नेहमी अशा एका छोट्या फरकावर येऊन थांबतं, आणि चांगला रिपोर्ट तोच जो तुम्हाला सरळ त्या फरकापाशी नेऊन सोडतो. यांचा ४१ कागदांचा रिपोर्ट त्याच्याभोवती भुई धोपटत बसलाय.

जाता जाता, खपाचा मुद्दा किती फसवा आहे ते पण बघा. वुडलँडचं ते पेटंट १९६२ मध्ये फिल्को कंपनीला १५,००० डॉलरला गेलं, १९६९ मध्ये संपलं, सिल्व्हर तर १९६३ मध्येच वारला, आणि दुकानात आजच्या बारकोडचं पहिलं पाकीट स्कॅन झालं २६ जून १९७४ ला, ओहायोतल्या ट्रॉय गावी, च्युइंगगमचं. लेझर आणि स्वस्त कॉम्प्युटर येईपर्यंत तो ५०० वॉटचा दिवा घेऊन कोण काउंटरवर बसणार होतं? माल खपला नाही म्हणून शोध सोपा होता असं त्यावरून म्हणता येत नाही, उशीर झाला एवढंच.

अजून एक चूक, आणि ही मला जास्त खटकली. रिपोर्टच्या कायदेशीर भागात लेमेल्सन या अमेरिकन संशोधकाच्या केसचा दाखला दिलाय, की बघा बारकोड वाचण्याची पेटंटं कोर्टाने ऑब्व्हियस म्हणून उडवली. साफ चूक. लेमेल्सनची मशीन व्हिजनची पेटंटं १९५४ आणि १९५६ च्या अर्जांवर टेकलेली होती आणि क्लेम मात्र कित्येक वर्षांनी काढले होते, २००५ मध्ये फेडरल सर्किट या पेटंटच्या अपील कोर्टाने ती लागू करता येणार नाहीत असं ठरवलं ते प्रामुख्याने अर्ज अवाजवी लांबवल्याच्या कारणावर. उशीर करणं वेगळं आणि ऑब्व्हियस असणं वेगळं. हा दाखला आमच्या वकिलांनी तसाच पुढे पाठवला असता तर समोरच्याने पहिल्याच उत्तरात धुऊन काढलं असतं.

एवढं सगळं झाल्यावर मी तक्रारीचं तिकीट टाकलं, चिडून टाकलं खरं तर, आणि दोन दिवसांनी त्यांच्या ॲनालिस्टचा फोन आला. इथून पुढे रिव्ह्यू बदलतो.

या बाईंनी आधी माझं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "मॅडम, टक्केवारी विसरा. तुमचा २३ नंबर उघडा." तेवीस नंबरला काय होतं, तर कारखान्यात सर्किट बोर्डावरचा डाग दिलेला, म्हणजे सोल्डर केलेला, सांधा तपासणाऱ्या यंत्राचं जुनं पेटंट. सॉफ्टवेअरने त्याला ३१ टक्के दिले होते कारण त्यात कोड, बारकोड, रीडर असा एकही शब्द नाही. पण आत सहाव्या कॉलममध्ये सरळ लिहिलेलं होतं की पहिल्या चित्रात जळालेले पिक्सेल मोजा, मर्यादेच्या वर गेले तर वरचा दिवा बंद करा आणि कडेची रिंग लावा, मग दुसरं चित्र घ्या. तोच कंट्रोलर, जवळजवळ त्याच शब्दांत. मी खुर्चीत सरळ बसले.

मी विचारलं, पण ते तर सांधे तपासायचं यंत्र, कोड वाचायचं नाही, कोर्ट मान्य करेल का? त्या म्हणाल्या दोन रस्ते आहेत, एकतर कागद त्याच क्षेत्रातला हवा, नाहीतर त्याच प्रॉब्लेमवरचा हवा. इन रे बिगिओ म्हणून २००४ ची केस आहे, केसांच्या ब्रशच्या पेटंट अर्जाविरुद्ध टूथब्रशचे कागद चालले होते. आपला प्रॉब्लेम चकचकीत धातूवरची चकाकी हा आहे, आणि त्या यंत्रातला प्रॉब्लेम पण चकचकीत धातूवरची चकाकी हाच आहे. मग मायक्रोस्कोप का नाही? कारण मायक्रोस्कोपवाल्या कागदात तिरका लाइट पारदर्शक पेशी उठून दिसाव्यात म्हणून आहे, चकाकीशी त्याचा संबंध नाही, तो म्हणजे बादरायण संबंध. हे रिपोर्टमध्ये एका ओळीत लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

मग मुख्य कागद कुठला घ्यायचा तर १२ नंबर, हातात धरायचा रीडर, दोन्ही लाइट आहेत, पण बदलायला अंगठ्याखाली एक बटण आहे. म्हणजे फक्त दोन कागदांची जोडी झाली, पाचांची गरजच नाही, आणि फरक उरला एवढाच की बटण माणूस दाबतो की कंट्रोलर दाबतो. नुसतं हाताचं काम ऑटोमॅटिक केलं एवढ्यावर पेटंट टिकत नाही असं तिथली कोर्टं फार आधीपासून म्हणत आलीत. शिवाय कारण १२ नंबरमध्येच लिहिलेलं आहे, की वापरणारा गोंधळतो आणि चुकीचा लाइट लावून बसतो. हे झालं खरं मोटिव्हेशन! नुसती कार्यक्षमता वगैरे नव्हे, आधीच्याच कागदात कोणीतरी केलेली तक्रार.

मी म्हणलं मग जिंकलो. तर म्हणाल्या थांबा, ३७ नंबर वाचलात का. ३७ नंबर एक लेख, रिपोर्टमध्ये "सपोर्टिंग" म्हणून हिरवा केलेला, आणि त्यात चक्क उलटं लिहिलेलं की हातातल्या रीडरमध्ये फ्रेम बघून लाइट बदलू नका, तोपर्यंत हात हलतो. म्हणजे आमच्याच पुराव्यात समोरच्याचा पुरावा, सॉफ्टवेअरने शब्द जुळले म्हणून हिरवा रंग दिला, "नका" दिसलंच नाही त्याला. हे साधं प्रकरण नाही, कारण ग्रॅहमच्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने ॲडम्सच्या बॅटरीची केस निकालात काढली होती, मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइड, पाणी घातलं की चालू होणारी. घटक सगळे माहितीतले, पण त्या काळचं ज्ञान सांगत होतं असं करू नका, तज्ज्ञांचाही आधी विश्वास बसला नव्हता, आणि कोर्टाने ते पेटंट टिकवलं.

इथे मात्र मला बोलायला जागा मिळाली कारण हे आमचं रोजचं काम आहे. ६० फ्रेमच्या सेन्सरमध्ये दोन फ्रेममधलं अंतर साधारण १७ मिलिसेकंद. हात सेकंदाला १० सेंटिमीटर हलला तर तेवढ्यात कोड सरकतो १.७ मिलिमीटर, आणि कोडचा एक ठिपका पाव मिलिमीटरचा धरला तर जवळजवळ सात ठिपके. ऐकायला भयंकर. पण पहिली फ्रेम आपण कोड वाचायला वापरतच नाही, फक्त उजेड मोजायला वापरतो, मग कोड सात ठिपके सरकला काय किंवा सत्तर, उजेडाचा अंदाज तोच राहतो, आणि दुसरी फ्रेम आपली आपण वाचली जाते. लेखातली भीती दोन फ्रेम एकावर एक जुळवणाऱ्यांसाठी होती. बाई म्हणाल्या, "हेच लिहून द्या, पण तुम्ही नको, बाहेरचा तज्ज्ञ बघा, आणि त्या तारखेला साधारण इंजिनिअरला हे कळलं असतं का तेवढंच त्याने सांगायचं, आज तुम्हाला काय कळतं ते नाही." ४० मिनिटांच्या फोनमध्ये जेवढं मिळालं तेवढं ११८ पानांच्या रिपोर्टमध्ये नव्हतं.

आता कोणी घ्यावं. पेटंट ऑफिसच्या बोर्डासमोर इंटर पार्टेस रिव्ह्यू, म्हणजे मिळालेल्या पेटंटला तिथेच आव्हान देणं, करायचा असेल, २०१२ पासून जो रस्ता आहे, तर तिथे ऑब्व्हियसनेससाठी पेटंटं आणि छापील प्रसिद्ध झालेले कागद एवढंच चालतं, जुनं मशीन नुसतं आणून दाखवून भागत नाही. पुरावाही तिथे पारडं जरा झुकलं इतकाच लागतो, कोर्टात मात्र २०११ च्या मायक्रोसॉफ्ट विरुद्ध आयफोरआय निकालानुसार स्पष्ट आणि खात्रीचा लागतो. त्यामुळे कागद शोधण्यावर खर्च करणं वाया जात नाही, आणि कागद हे लोक शोधतात, १२ आणि २३ दोन्ही त्यांनीच काढून दिले हे मान्य केलंच पाहिजे. फुकटच्या साइट्सवर, गूगल पेटंट्स किंवा एस्पेसनेट किंवा अमेरिकन ऑफिसचा स्वतःचा सर्च, हेच करायला मला दोन आठवडे गेले असते, जपानी कागदांचं भाषांतर वेगळंच.

म्हणून मधला प्लॅन घ्या आणि ॲनालिस्टचा तास वेगळा विकत घ्या, तो मिळतो, वेबसाइटवर दिसत नाही पण मेलवर मागितला की देतात. ओपिनियनचा वरचा प्लॅन घेऊ नका. घेतलाच तर टक्केवारीचं पहिलं पान फाडून मग मॅनेजरला द्या. रिपोर्ट आल्यावर सगळ्यात आधी तारखांचा कॉलम लावा, कुटुंबातले अर्ज काढून टाका, आमचे ४१ चे त्यातच २९ झाले. आणि खालून वर वाचा.

बाकी किरकोळ तक्रारी: क्लेम चार्ट एक्सेलमध्ये मागितला तर पीडीएफच देतात, चॅटवर बसलेला मुलगा चांगला बोलतो पण त्याला काहीच ठरवता येत नाही, आणि उशीर झालेल्या दोन दिवसांबद्दल साधं सॉरी नाही.

वकिलांना १२ आणि २३ पाठवले त्याला तीन आठवडे झाले. त्यांनी एकच प्रश्न परत पाठवला, की २३ मधली मर्यादा आधीपासून ठरवलेली आहे की प्रत्येक वेळी नव्याने काढलेली, कारण क्लेममध्ये "ठरावीक" शब्द आहे. सहावा कॉलम आज परत वाचतेय. चाळिसाव्या ओळीत "सेट लिमिट" असं दिसतंय, पण स्कॅन इतका पुसट आहे की ते "सेट" आहे की "नेट", शपथेवर सांगता येत नाहीये, मूळ पानाची चांगली कॉपी मागवलीये.